बुडायला तयार नसलेले वकीलसाहेब

गोंदियालगतच्या कुडव्याच्या चौकात चहाच्या दोन टपऱ्या आहेत. आमचे शेजारी तुरकर वकील रोज दोन्हीकडे अर्धा-अर्धा चहा पितात. एकाच टपरीवर प्यायला तर तिची मक्तेदारी होते म्हणे. "स्पर्धा जगली पायजे, भाऊ!"

वकील नावालाच. काळा कोट त्यांनी कधी घातला नाही, 'खणखणाट' नावाचं साप्ताहिक काढलं. एकदा बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना म्हणाले, "सैपाकघरात तुही मक्तेदारी होऊन राह्यली." काकू म्हणाल्या, "मंग लावा तुमचं दुकान." वकिलांनी वांग्याची भाजी केली. ती शेजारच्या कुत्र्यानंही हुंगून सोडली.

गावातलं दुसरं साप्ताहिक 'दणदणाट', रहांगडालेंचं. दोघं एकमेकांना अग्रलेखातून झोडपायचे. कागद महागला तेव्हा रहांगडाले म्हणाले, "एकाच छापखान्यात छापू. जाहिरातीचे दरही मिळून ठरवू."

वकील उसळले. "मिळून दर ठरवणं म्हणजे स्पर्धेचा खून! अमेरिकेत कायदा आहे. दोन पेपर असे हात मिळवू शकतात, पण त्यातला एक बुडता पायजे."

"मंग तुमचा आहेच ना बुडता."

"माहा? तुमचा बुडून राह्यला!"

"माहा तं तरंगून राह्यला!"

मी मधे पडलो. "वकीलसाहेब, कायदा अमेरिकेचा. आपण गोंदियात."

"कायदा तिकडचा असन, बुडणं तं इकडलंच आहे ना!"

बोलणी फिसकटली. बुडायला कुणीच तयार नव्हतं.

ऐन धानकापणीत रहांगडालेंना लकवा मारला. लोक वकिलांना म्हणाले, "अब तो मैदान साफ है!"

त्या आठवड्यात 'दणदणाट' तरीही निघाला. पहिल्याच पानावर मथळा : 'खणखणाटचा संपादक गाढव'. खाली कलमं-उपकलमं पाडून गाढवपणाची व्याख्या दिली होती. लेखक कोण, ते मी लगेच ओळखलं.

"स्वतःलाच शिव्या काऊन?" मी विचारलं.

"पेपर बंद पडला तं तो खचून जाईन," वकील म्हणाले आणि अंक घेऊन दवाखान्यात निघाले. मीही गेलो.

रहांगडालेंनी एका हातानं अंक धरून सगळा वाचला. मग अडखळत म्हणाले, "कोनं लिहिलं? शिव्यायत दम नाही."

वकिलांनी त्यांच्या पायावरून घसरलेली चादर नीट केली.

"मले नाही जमत तुह्यासारख्या," ते म्हणाले. "ऊठ, आन् तूच दे."