‘केलं’मध्ये कोण आहे?

आमच्या गावात लेखातून खोडलेली गोष्ट घरातूनही जाते, म्हणून संपादनाला येताना लेखकाने घरचं माणूस बरोबर आणायचं असतं. वाचनालयाच्या वार्षिक अंकाचं संपादन माझ्याकडे आहे. हुपरीकर मास्तर ‘वाचनालय आणि मी’ हा लेख घेऊन आले, तेव्हा पत्नी मंदाताई सोबत होत्या.

‘प्रशस्त दिवाणखाना’मधलं ‘प्रशस्त’ मी काढलं.

“बरं झालं, झाडायला कमी,” मंदाताई म्हणाल्या.

झोपाळ्यावरचा परिच्छेद विषय सोडून होता. तो गेला तेव्हा मास्तरांना वाईट वाटलं, पण लेख सुटसुटीत व्हायला हवा हे त्यांनाही पटत होतं. मग मी सगळे ‘मी’ सरसकट खोडले.

“अहो, मी राहीन ना?”

“‘गेलो’, ‘बसलो’ म्हटलं की त्यात तुम्ही आलातच, मास्तर.”

शेवटाकडे ‘या कार्यात सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली’ असं वाक्य होतं. हे वाक्य प्रत्येक लेखात असतं आणि त्यात काहीच नसतं. मी पेन्सिल उचलली, तशी मंदाताईंनी मांडीवरची पर्स छातीशी धरली.

“साथ म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? एखादं क्रियापद द्या, म्हणजे त्यांना ठेवता येईल.”

मास्तर आठवू लागले. त्यांना चहा आठवला. चहा पुरेसा नव्हता.

“वर ‘वाचनालय उभं केलं’ असं आहे,” मंदाताई म्हणाल्या. “त्या ‘केलं’मध्ये कोण आहे?”

मी पाहिलं. ‘मी’ काढल्यापासून तिथे कोणीच नव्हतं. ‘वर्गणी मागितली’, ‘पुस्तकांना कव्हरं घातली’, इथेही जागा रिकामीच होती.

“दारोदार कोण हिंडलं, ते यांना विचारा.”

मास्तरांनी लेख स्वतःकडे ओढून त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, “हिनंच केलं सगळं. तसं लिहा.”

मी सगळीकडे ‘तिनं’ घातलं आणि ‘मोलाची साथ’ खोडली. आता ‘बोललो’, ‘बसलो’ यांचं काही काम उरलं नाही, तेही गेले. फक्त ‘सत्काराला गेलो’ ठेवावं लागलं, कारण ते खरं होतं. लेख फार स्वच्छ उतरला. मंदाताई एकट्याच घरी गेल्या.

मास्तर आता फक्त सत्काराला असतात. त्यांची फारच आठवण आली की मंदाताई शाल-नारळ आणतात, लहानशा दिवाणखान्यात खुर्च्या मांडतात आणि बोलायला मला बोलावतात.

“भाषण जरा लांबवा,” त्या म्हणतात.

मी लांबवतो.