साळवेमामांचे नॉमिनी

साळवेमामांना पैशाबद्दल एक वाक्यसुद्धा मराठीत बोलताना मी कधी ऐकलं नाही. बाकी सगळं बोलणं अस्सल तलवाड्याचं. पण वाक्यात पैसा आला की मामा इंग्रजीत शिरायचे आणि पैसा संपला की परत तलवाड्यात यायचे. टपरीवर चौघं बसले की मामा विचारणार, “आज पेमेंट कोण रिलीज करतंय?” खिशात काही नसलं तर, “आपलं बॅलन्स निल हाय बे. क्रेडिटवर चाललं का?” टपरीवाला गणपत म्हणायचा, “मामा, सरळ उधार म्हणा की.”

“उधार म्हणलं की तू तोंड वाकडं करतूस. क्रेडिट म्हणलं की कप आणतूस.”

आणि खरंच, तोपर्यंत गणपत कप घेऊन आलेला असायचा.

यामागे मामांचा एक सिद्धान्त होता. मराठीत पैशाचं बोलायला गेलं की भांडण होतं, असं त्यांचं ठाम मत. “उसने दे म्हणताना मान खाली जाती, साहेब. ॲडव्हान्स म्हणलं की ताठ ऱ्हाती. शब्दाला भाडं पडत न्हाई, मग चांगला कावून वापरू नये?” मला ते ‘साहेब’ म्हणत. वयाने मी त्यांच्या निम्मा होतो, पण पतसंस्थेच्या जाळीमागे बसलेला माणूस त्यांच्या लेखी साहेबच.

ही विद्या त्यांनी सहकारातून मिळवली होती. गावात दूध सोसायटी होती तेव्हा मामा तिचे सचिव. कुठेतरी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं, तिथे एका मास्तरांनी पैशाच्या व्यवहारातले इंग्रजी शब्द आणि बोलण्याच्या पद्धती छापलेला कागद सगळ्यांना वाटला. बाकीच्या सचिवांनी त्यात भजी खाल्ली, मामांनी तो पाठ केला. पुढे लागोपाठ पाऊस चुकला, लोकांनी म्हशी विकल्या, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. शब्द मात्र मामांकडेच राहिले. ते लावायला पैसा उरला नव्हता, म्हणून मामांनी ते उरलेल्या जगाला लावायला सुरुवात केली.

गुडघे दुखले की “डेप्रिसिएशन”. दोन बायका हापशावर भांडल्या की “सेटलमेंट करा ना बायांनो”. आभाळ भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं, तेव्हा मामा हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून म्हणायचे, “चेक दावतोय नुसता. क्लिअर हुईना.” त्यांची बायको वारली त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एकदा टपरीवर कुणीतरी गमतीने दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. मामा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “ती एंट्री रिव्हर्स होत न्हाई,” आणि शांतपणे चहा प्यायले. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

चारा छावणीतला किस्सा तर अजून सांगतात. मोठे अधिकारी पाहणीला आले होते. मामांची स्वतःची जनावरं नव्हती, पण गर्दी असेल तिथे मामा असतच. अधिकाऱ्यांनी विचारलं, कसं काय चाललंय? मामा पुढे झाले, एका हाताने घास तोंडाकडे नेल्यासारखा केला आणि म्हणाले, “सर, वुई आर हॅन्ड टू माउथ.” मग शेजारच्या हाडं निघालेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून, “अँड धिस फेलो, ओन्ली माउथ.” अधिकारी हसले. दुसऱ्या दिवशी छावणीत पेंडीच्या दोन गाड्या जास्त आल्या. ते मामांमुळेच झालं असं मामा मानत, आणि कुणी खोडून काढत नसे.

आता माझ्या डोकेदुखीबद्दल सांगतो. मी पतसंस्थेच्या तलवाडा शाखेत कॅशियर होतो. शाखा म्हणजे एक खोली, एक पंखा, बहुतेक वेळ तालुक्याला, गेवराईलाच असणारे शाखाधिकारी, आणि मी. मामांचं तिथे बचत खातं होतं. त्यात कधी दोन हजार, कधी सतराशे. आणि या खात्याचा नॉमिनी मामा सारखा बदलत.

अतिशयोक्ती करत नाही. वर्षातून तीनदा, चारदा. सकाळी उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसलेले असत. “साहेब, नॉमिनी चेंज करायचाय. एक फॉर्म सँक्शन करा.” कधी शेजारचा नवनाथ, कधी गिरणीवाला, कधी न्हावी, कधी शाळेतले गुरुजी. मी वैतागत असे. वैतागायला फार लागत नाही मला. एकदा म्हणालो, “मामा, खात्यात सतराशे रुपये आणि नॉमिनी सतरा. माणशी शंभर रुपये. शर्ट तरी इतक्या वेळा बदलता का?”

“शर्ट येकच हाय,” मामा म्हणाले. “फॉर्म द्या.”

गावातही चेष्टा चालायची. मामा कुणावर रुसले की नॉमिनी बदलतात, कुणी चहा पाजला की त्याला करतात, असं लोक म्हणत, आणि मीही तेच धरून चाललो होतो. त्यांचं आणखी एक खूळ होतं. दसरा झाला की गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडलेल्या, वर संसार बांधलेला, बाया-पोरं त्यावर बसलेली. मामा त्या गर्दीत कागदाचे कपटे घेऊन फिरायचे. प्रत्येकाला नाव-गाव विचारून लिहायचे, खाली ‘नॉमिनी’ म्हणून आणखी एक नाव आणि पत्ता, आणि तो कपटा त्या माणसाच्या खिशात स्वतः कोंबायचे. लोक हसत आणि ठेवून घेत. मी एकदा विचारलं, “मामा, यांची खाती कुठल्या बँकेत काढली?” मामांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या ट्रॉलीकडे गेले.

मग दुष्काळाचं तिसरं वर्ष आलं. ठेव ठेवायला कुणी येईना, आणि काढण्यासारखं लोकांचं काही शिल्लक नव्हतं. शाखा बंद करून गेवराईला मिळवायचं ठरलं, माझीही बदली तिकडेच. वरून आदेश आला की प्रत्येक खातेदाराकडून नवा फॉर्म भरून घ्या, त्यात एकच पक्का नॉमिनी, नंतर सहजासहजी बदलता येणार नाही. मामांना निरोप धाडला, आणि म्हटलं, ते येण्याआधी त्यांची फाइल जरा लावून ठेवू.

फॉर्म तारखेप्रमाणे लावत गेलो. पहिला नवनाथचा. दुसरा दसऱ्यानंतरचा, आणि नवनाथ दसऱ्यालाच तोडीला गेला होता. दुसरा गिरणीवाला. गिरणी विकून तो पुण्याला लेकाकडे गेला, त्याच आठवड्यातला तिसरा फॉर्म. न्हावी औरंगाबादला गेला, की पुढचा. गुरुजींची बदली झाली, की पुढचा. टपरी बंद करून गणपत गेला, ती तारीख मला पाठ होती, कारण त्या दिवसापासून मला चहा मिळणं बंद झालं होतं. गणपतनंतरचा फॉर्म दुसऱ्याच दिवशीचा होता.

मामा कुणावर कधीच रुसले नव्हते. माणसं जात होती, आणि मामा उरलेल्यांतला एक निवडत होते. मी इतकी वर्षं ते फॉर्म हातात घेतले, शिक्के मारले आणि वर चेष्टा केली. मला स्वतःची लाज वाटली.

मामा दुपारी आले. फॉर्म घेतला, सही केली आणि नॉमिनीच्या रकान्यावर पेन धरून बसले. पेन काही हलेना. शेवटी म्हणाले, “मुक्कामाला आसल आसा माणूस पायजे साहेब. कुणाचं लिवावं?”

मी जाळीमागून उठून त्यांच्या बाकावर जाऊन बसलो. “मामा, सतराशे रुपयांसाठी एवढा घोर कशाला?”

“पैसा कुणाला जायचा, त्यो पॉइंट न्हाई. पैसा हाय कुठं? कळवायचं कुणाला, त्यो नॉमिनी.”

मग त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ किसन, त्यांना एवढा एकच भाऊ. तोडीला गेला होता. तेव्हा मोबाईल नव्हते. तिकडे गाडी उलटली. मुकादम नवा, त्याला किसनचं गाव माहीत नाही. लोकांनी तिथेच सगळं उरकलं.

“आमाला कवा कळलं? बाजारात येक जण भेटला, म्हणला, लई वंगाळ झालं किसनचं. महिना झालता. त्या महिन्यात मी येका लग्नाला गेलतो, साहेब. भाऊ मेलता, अन् मी पंगतीत बसून जिलबी मागून खाल्ली.”

हे सगळं ते मराठीत बोलले. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात माझं नाव लिहिलं.

मामांनी वाकून वाचलं. “तुमी तर चाललात.”

“गेवराईलाच चाललोय. तोडीला नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “बरं. ट्रायल बेसिसवर ठिवू.”

पुढचा रकाना नात्याचा. मी विचारलं, काय लिहू? भाऊ, पुतण्या, भाचा, काहीही म्हणाले असते तरी मी लिहिलं असतं. मामा म्हणाले, “क्याशियर लिवा. खोटं कावून लिवायचं?” मी तसंच लिहिलं. गेवराईच्या साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली, मी पुन्हा तेच लिहून दिलं, आणि मग त्यांनी नाद सोडला.

गेवराईला दर सोमवारी साडेदहाला माझा फोन वाजू लागला. “अकाउंट ऑपरेटिव्ह हाय. ट्रान्झॅक्शन काय न्हाई. ठिवतो.” एवढंच. मी ‘जेवलात का’ विचारेपर्यंत फोन बंद. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मी सोमवारी साडेदहाला काउंटरवर गर्दी असली तरी फोन समोर ठेवू लागलो.

मे महिन्यातल्या एका सोमवारी फोन आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मी लावला तर बंद. मी पोट दुखतंय असं सांगून निघालो आणि तलवाड्याच्या जीपमध्ये बसलो. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना काळं उघडं रान. आणि वाटेत माझ्या ध्यानात आलं की मामांचं काही झालंच असेल, तर मला कळवणारंही आता तिथे कुणी राहिलेलं नाही. नाव लिहून मी मोठा उपकार केल्याच्या थाटात निघून आलो होतो. मी फार घाबरलो.

बुद्धविहाराजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांना बाहेरून कडी होती. शेजारच्या घराला कुलूप, पलीकडच्यालाही. गल्लीच्या टोकाला माणसांचा आवाज ऐकू आला म्हणून धावत गेलो. टँकर आला होता. घागरी, कळशा, डबे रांगेत लावलेले आणि त्यांच्यामागे गावात उरलेली पाच-सात म्हातारी माणसं. मामा त्या रांगेत उभे होते.

मला बघून ते दचकले. “कावून आलात? कॅश शॉर्ट आली का काय?”

“फोन का नाही केला?” माझा आवाज चढला होता. टँकरवाला वळून बघायला लागला.

“दोन दिस लाईट न्हाई. चार्जिंग संपलं.” ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घाम पुसायच्या निमित्ताने मी डोळे पुसले, ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी उगाच कळशी इकडची तिकडे केली. मग पुढे उभ्या असलेल्या म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणून तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, “माझे नॉमिनी हैत, आक्का. कळवायच्या आदीच आले.”

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बरं केलं,” ती म्हणाली. “मग कळशी धर म्हणावं त्येला. तुजे गुडगे दुखत्यात.”

मी मामांच्या हातातली कळशी घेतली आणि रांगेत उभा राहिलो.