इसिद्रा मावशीचे नऊ दिवस

भाषणाची तालीम न्हाणीघरात करायची, हा डेल्फिनचा निर्णय वरवर पाहता शहाणपणाचाच होता. त्या घरात दार लावून घेता येईल अशी दुसरी जागाच नव्हती. (डेल्फिनच्या शहाणपणाच्या निर्णयांची एक यादी करता येईल. त्याच्या बायकोने ती केलेली आहे.)

इलोइलो शहराच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या या एकेचाळीस वर्षांच्या कारकुनाला व्यसन एकच, गोष्टींचं. त्याच्यासारखेच आणखी चार वेडे दर शनिवारी संध्याकाळी बाजारामागच्या नूडल्सच्या दुकानात जमत आणि मनातून काही केल्या जात नाहीत अशा गोष्टींबद्दल बोलत. कुणी पुस्तकातली सांगे, कुणी सिनेमातली. औषधाच्या दुकानात काम करणारा नेस्तोर एका सिनेमातल्या म्हाताऱ्या कुत्र्यावर बोलताना इतका रडला, की त्याच्या वाडग्यातलं सूप खारट झालं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पाळी डेल्फिनची होती. तो एका कॉम्प्युटर गेमवर बोलणार होता. "गेममध्ये कसली आलीय गोष्ट!" असं नाक मुरडणाऱ्यांना रडवल्याशिवाय सोडायचं नाही, असा त्याने चंग बांधला होता.

तेव्हा गुरुवारी संध्याकाळी अंगावर दोन तांबे ओतून त्याने सुरुवात केली.

"इसिद्रा मावशी! तिनेच मला लहानाचं मोठं केलं. तापाने फणफणली होती बिचारी. माझा हात धरून म्हणाली, 'बाळा, तू जा.' आणि मी गेलो हो! माझ्याशिवाय तिला होतं कोण? एकटीच मेली ती!"

इथे रडायचं, असं त्याने कागदावर लिहून ठेवलं होतं. पण त्याची गरजच पडली नाही. हुंदका आपोआप आला, चांगला खणखणीत.

दाराबाहेर टॉवेल घेऊन त्याच्या सासूबाई उभ्या होत्या.

आता सासूबाई रोसेंडा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायलाच हवं. गल्लीत कुणी गेलं की नऊ संध्याकाळ प्रार्थना चाले, आणि ती सांगायला रोसेंडाबाईच लागत. मेलेल्या माणसांबद्दल त्यांना अपार माया होती. जिवंतांपैकी जावयाबद्दल बिलकूल नव्हती. अकरा वर्षं त्या त्याचा उल्लेख 'तो नळवाला' असा करत.

डेल्फिन ओलेत्याने बाहेर आला, तर या बाईंनी त्याला चक्क पोटाशी धरलं.

"जावईबापू, एवढं दुःख आणि घरात कुणाला सांगायचं नाही?"

"आई, अहो, ती मावशी म्हणजे..."

"काही बोलू नका. आधीच पोरके तुम्ही. सगळी मिळून एक मावशी, तीही गेली."

रात्री त्याने बायकोला, मारिविकला, सगळं सांगितलं. ती आधी तोंडात उशी कोंबून हसली आणि मग गंभीर झाली.

"अहो, अकरा वर्षांत आई पहिल्यांदा तुमच्याबद्दल बरं बोलतेय. मेलेलीच राहू द्या त्या मावशीला."

शुक्रवारी तो कचेरीतून आला तेव्हा बैठकीत पांढरा कपडा अंथरलेलं टेबल, मेणबत्त्या, बिस्किटं, कॉफी आणि अठरा शेजारणी असा सरंजाम मांडला होता. फक्त फोटो नव्हता. फोटोवाचून प्रार्थना कशी करायची? शेवटी त्याने गेममधलंच चित्र छापून आणलं. (तलवार कापून टाकली.)

"डोळे किती मोठे गं बाईचे!" शेजारच्या कोन्चिंगबाई म्हणाल्या.

"थायरॉईड," सासूबाईंनी ठणकावून सांगितलं.

"आणि केस जांभळे?"

"औषधांनी होतात तसे."

डेल्फिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. धरणीने काही ते मनावर घेतलं नाही.

दिवसागणिक तो खोल खोल रुतत गेला. माशाच्या पोटाचा मऊ तुकडा त्याच्या ताटात पडू लागला. सुतकात झाडू मारायचा नाही म्हणून झाडूही सुटला. पाचव्या दिवशी प्रार्थना संपल्यावर सासूबाई त्याच्याशेजारी बसल्या. नेग्रोस बेटावर त्यांची बहीण आजारी पडली, तेव्हा वादळामुळे बोटी बंद होत्या. त्या धक्क्यावर दोन दिवस बसून राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी बोट निघायच्या आधी ती गेल्याचा निरोप आला.

"माझाही हात सुटला होता, जावईबापू," त्या म्हणाल्या.

एवढी माया त्याला आपल्या आयुष्यात कुणी दाखवली नव्हती, आणि ती आपण चोरली आहे हे त्याला कळत होतं. खरं सांगावं तर ती जाणार, न सांगावं तर घास गिळवत नव्हता.

नववा दिवस शनिवारी आला. 'घरात दुःख आहे, येत नाही' असा निरोप त्याने गोष्टवेड्यांना धाडला होता. झालं! ते चौघे फुलं घेऊन दारात हजर. घरात चाळीस माणसं नूडल्स खात होती. नेस्तोर टेबलापाशी गेला आणि ओरडला, "अरे, ही तर इसिद्रा!"

"तुम्ही ओळखत होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"ओळखत? चार वेळा वाचवलंय मी तिला! ही मरतेच कशी? पिशवीत औषध असतं ना, तेवढं पाजलं की उठून बसते."

चाळीस तोंडं चावायची थांबली.

"औषध होतं?" सासूबाई जावयाकडे वळल्या.

डेल्फिनने हात जोडले. "आई, ती खरी नाही. गेममधली आहे. मी चुकलो, मला माफ करा."

"ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं. मारिविकच्या पोटात काही राहतं का? पण तुमचं रडणं खरं होतं, म्हणून मी चालू ठेवलं." त्यांचा आवाज चढला. "औषधाचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं!"

रविवारी चर्चहून आल्या आल्या त्या त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"लावा तो खेळ. मी सांगेन ते दाबायचं."

मावशीला ताप आला. पिशवी उघडली.

"आई, औषध एकाच माणसापुरतं आहे. तिला दिलं तर पुढे भाच्याला ताप येतो आणि तो मरतो. भाचा म्हणजे, मीच."

"द्या मावशीला," सासूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या.

मावशी उठून बसली. घटकाभराने भाचा रस्त्याच्या कडेला कोसळला, 'मावशी' म्हणाला आणि गेला. सासूबाईंनी जपमाळ काढून डोळ्यांना लावली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"जगली गं बाई!" त्या म्हणाल्या. "देवाची कृपा."

"आणि भाच्यासाठी, आई?" त्याने हळूच विचारलं. "त्याच्यासाठी किती दिवस प्रार्थना?"

"कोण भाचा?" सासूबाईंनी विचारलं.