तळणाला विटाळ नाही

तळलेल्या पदार्थाला विटाळ लागत नाही, हे आपल्या धर्मातलं सर्वांत खमंग तत्त्व आहे. भाताला लागतो, भाकरीला लागतो, पाण्याला तर नुसत्या सावलीनं लागतो. पण पीठ एकदा उकळत्या तेलात पडलं, की शुद्ध ते शुद्धच. (हा शोध लावणाऱ्या महात्म्याला भजी फार आवडत असावीत.)

या तत्त्वाच्या पायावर चामोर्शीच्या बाजारात गुणवंतरावांचं हॉटेल उभं होतं. लाखोळीच्या डाळीचं पीठ, जवसाचं तेल आणि आतमध्ये अख्खी मिरची. मार्कंड्याला जाणारा भाविक आधी इथं थांबे, मग देवाकडे जाई. देव थांबतो, घाणा थंड होतो.

महारवाड्यातला डोमा, जंगलात बांबूतोडीला जाणारा, वीस वर्षं इथली भजी खात होता. मागच्या खिडकीतून. कागदात बांधलेला पुडा वरून सोडत, तो खाली झेलायचा. झेलण्यात तो इतका तरबेज झाला होता की वीस वर्षांत एक भजं मातीत पडलं नाही. (उच्चवर्णीयांच्या हातून बशीतली रोज सरासरी चार पडत.) त्याच तेलकट रद्दीवर बोट फिरवत डोमा अक्षरं शिकला. आणि सन पंचावन्नच्या पावसाळ्यात अस्पृश्यतेचा नवा कायदा त्याला भज्याच्या कागदावरच सापडला. म्हणजे कायद्याची प्रत गुणवंतरावांनी स्वहस्ते पोचती केली होती.

रविवारी डोमा बायकोला, कुंताला, घेऊन पुढच्या दारानं आत शिरला. समोर चिंचेखाली अख्खा महारवाडा येऊन उभा होता. हे दोघं बाकावर बसून खाऊन-पिऊन बाहेर आले, की पुढच्या रविवारी सगळे आत येणार. नाही जमलं, तर खिडकी होतीच.

गुणवंतराव कायदा पाळणारे गृहस्थ. "या डोमाजी," ते म्हणाले. (कालपर्यंत तो 'डोम्या' होता. एका कायद्यानं माणूस किती वाढतो!) "बसा. तळणाले काई हरकत नाई."

भजी आली. बशीतून आली. कुंतानं पहिलं भजं तोंडात टाकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलात तिला मिळालेलं पाणी तेवढंच.

"भाऊ, पानी द्या जी," ती म्हणाली.

"बाहेर या, बाई. ओंजळ धरा, वरून ओततो."

"काऊन? बसलो तर इथी हावो."

"खानं इथी, पानी तिथी. पानी काई तळता येत नाई."

बाकीच्या अकरा गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. तर्क बिनतोड होता.

डोमानं मुंडाशातून तेलकट कागद काढला. "मालक, यात भांडीबी लिवली हायेत. गिलासबी आला त्यात."

"मंग गिलास देतो ना! मी काय कायद्याच्या बाहेर हावो?" गुणवंतरावांनी पितळेचा लख्ख गिलास आणून समोर ठेवला. रिकामा. "आत काय भराचं, थे लिवलं हाये का? वाचून सांगा."

डोमानं वाचलं. दोनदा वाचलं. नव्हतं लिहिलेलं.

मग गुणवंतरावांच्या आतिथ्याला पूर आला. न मागता दुसरी बशी, मग तिसरी, प्रत्येक खेपेला मिरची जास्त तिखट. उठून बाहेर जाणं म्हणजे हरणं, आणि भजी टाकणं म्हणजे मिळालेला हक्क टाकणं. डोमा खात राहिला. जीभ आधी जळली, मग बधिर झाली, मग कान वाजू लागले. हॉटेलात त्या वेळी गिऱ्हाइकं तेरा, पाणी पिणारे अकरा, कायद्यानं समान सगळे. रामाजी नावाचे एक सज्जन तर कळवळून म्हणाले, "अरे, आत बसू देल्लं, हे काय कमी झालं? हळूहळू होते सगळं." आणि घटाघटा पाणी प्यायले.

कुंताला उचकी लागली. एक, दोन, सात. डोमा पुन्हा कागद उलगडू लागला.

"ठेव थे कागद," कुंता म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला वेळ लागला नाही. ती रिकामा गिलास घेऊन उठली, कोपऱ्यातल्या रांजणाशी गेली, गिलास बुडवला आणि प्यायली. दुसरा भरून तिनं नवऱ्याला आणून दिला. ते पाणी पिताना डोमाला चव काही कळली नाही. फक्त बाहेर चिंचेखाली कोणीतरी मोठ्यानं हसलं, तेवढं कळलं.

गुणवंतरावांनी चुलीतलं लाकूड उचलून रांजण फोडला. धर्म वाचला. पाणी वाहून गेलं. आणि मग लक्षात आलं, की अकरा सज्जनांच्या तोंडात मिरची आहे. ते उठले आणि धोतरं सावरत तळ्याकडे पळाले, आणि तिथं काठावर उकिडवे बसून सगळे ओंजळीनं पाणी प्यायले. (रामाजी तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या खालच्या अंगाला बसले होते. घाईत माणूस अंग बघत नाही.)

जीभ ताळ्यावर आल्यावर अकराही जण परत आले आणि पाटलानं पंचनामा केला. त्यात असं नमूद आहे, की हॉटेलात प्रवेशास मनाई नव्हती. भजी दिली, गिलास दिला. कुंता जौजे डोमा या बाईनं रागाच्या भरात रांजण फोडला. खाली अकरा सह्या. कुंता चावडीत बसून आहे, आणि तिला तालुक्याला न्यायला गाडी जुंपली आहे. डोमा दारात सगळ्यांना विचारत फिरतो आहे, "पायलं ना तुमी? सांगा ना, कोनं फोडला?"

पाटील म्हणतात, अकरा आकडा बरा दिसत नाही. लिहितावाचता येणारा, शांत स्वभावाचा आणखी एक पंच पाहिजे. तुम्हाला वाचता येतं. पहिल्या भज्यापासून तुम्ही इथंच आहात, आणि कुंताच्या सात उचक्या मोजूनही तुम्ही एकदासुद्धा "तिला पाणी द्या" म्हणाला नाहीत. इतका योग्य माणूस शोधून सापडणार नाही.

या, बसा. टाक घ्या. रामाजींच्या सहीखाली जागा सोडली आहे.