मुलगा ट्रकांपैकी आहे

माझ्यासाठी विमलमावशींनी पहिलं स्थळ आणलं, तेव्हा मुलीच्या वडिलांना माझी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "मुलगा ट्रकांपैकी आहे." त्या गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. ट्रक किती, कुठल्या रूटवर चालतात, ड्रायव्हर भरवशाचे आहेत का, असं ते मला विचारू लागले. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला कारकून. माझ्या मालकीचं वाहन म्हणजे एक सायकल, आणि तिचंही मागचं चाक डगडगायचं. हे कळल्यावर ते स्थळ चहा अर्धा टाकून निघून गेलं.

मावशींना आपलं काही चुकलं असं अजिबात वाटलं नाही. ट्रक हा काही धंदा नव्हे, ते कूळ आहे, आणि एवढंही ज्यांना कळत नाही त्यांच्या घरी मुलगा देऊच नये, असं त्यांनी मला जिन्यातच ऐकवलं.

विमलमावशी तशा माझ्या कोणी नव्हेत. बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यात त्या सगळ्यांच्याच मावशी होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहायच्या. लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. त्यासाठी खण-नारळापलीकडे त्यांनी कधी काही घेतलं नाही. पाय झिजवायचे ते सुचवणाऱ्याने, त्याच्या उंबऱ्यावर लोक यायला लागले की बाजार होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या अख्ख्या बदलापुरात सगळ्यांच्या घरी जायच्या आणि त्यांच्या घरी कोणीही जात नसे.

तर हे ट्रकांचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते माझ्याच घरून. बदलापुरात तेव्हा केबल नुकती आली होती. बोनस मिळाला आणि मी हौसेने रंगीत टीव्ही घेतला. एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास मावशी कुणाची तरी पत्रिका घेऊन आल्या. टीव्हीवर रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांचं कार्टून चालू होतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकला त्यांच्या देखत हात फुटले, पाय फुटले, डोकं वर आलं आणि तो चालू लागला. मावशी पत्रिका विसरल्या. दुसऱ्या दिवशी सहाला त्या विणकाम घेऊनच हजर झाल्या. त्यांच्याकडे टीव्ही नसणार, हे मी धरूनच चाललो.

कार्टून इंग्रजीत. मावशींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं असा माझा समज होता. पहिल्या दोन दिवसांत तो गेला. मग आम्ही दोघं नुसतं बघून ठरवू लागलो. आयुष्यभर गोत्रं आणि नाड्या बघितलेली बाई ती, महिनाभरात तिने त्या यंत्रमानवांची सगळी वंशावळ लावून टाकली. मुख्य कुळं तीन: गाडीकूळ, विमानकूळ आणि जनावरकूळ. गाडीकुळाच्या शाखा आणखी वेगळ्या. स्पोर्ट्सगाड्या दिसायला देखण्या, पण एकुलत्या एका मुलासारख्या लाडावलेल्या. अग्निबंब आणि ॲम्ब्युलन्स ही सेवाशाखा. माणसं सोन्यासारखी, पण नवरा म्हणून घरी सापडायची नाहीत. ट्रक म्हणजे साधे, सांगाल ते ओझं वाहणारे, बोलणं कमी, चढ आला की धापा टाकणारे. हे सांगताना त्या माझ्याकडे बघायच्या.

शिवाय जोडकूळ होतं. पाच यंत्रमानव एकमेकांना चिकटून एक भलामोठा तयार व्हायचा. हे एकत्र कुटुंब, असं मावशींनी बघताक्षणीच ओळखलं. पाचजण एक झाले की ताकद पाचांची येते आणि अक्कल एकाचीच उरते, तीही सर्वात धाकट्याची, हे निरीक्षणही त्यांचंच. आणि सगळ्यात बेभरवशाचे तिहेरी. आधी विमान, मग रणगाडा, मग माणूस. ज्याला तीन रूपं, त्याचं खरं कुठलं धरायचं?

मी हट्टाने वाद घालायचो. हा जनावरकुळातला नाही हो मावशी, याला चाकं आहेत. मग त्या विणकाम मांडीवर ठेवून मला समजावायच्या. "अरे, रंग बघू नये, चाकं बघू नयेत. सांधे बघावेत. वाकतो कुठे ते बघितलं की कूळ कळतं." वयाची बत्तीस वर्षं उलटलेला, डोक्यावरचे केस मागे हटत चाललेला, रीतसर बीकॉम झालेला मी, दिवसभर ऑफिसात याच विचारात असायचो की कालचा तो निळा कुठल्या शाखेतला असेल. एकदा साहेबांनी माझं मत विचारलं, तर माझ्या तोंडून "जोडकूळ" असं निघून गेलं. त्यांनी मला रजा घ्यायला सांगितली.

स्थळंही मावशी याच हिशेबाने नाकारायच्या. एक मुलगी मला फार आवडली होती. "ती विमानातली आहे, हेंद्रेपाड्यात उतरणार नाही," म्हणून मावशींनी विषय संपवला. खरं तर तिने मला आधीच नकार कळवला होता, तो मावशींनी असा गोड करून सांगितला हे मला पुढे कधीतरी समजलं.

मग नीताचं स्थळ आलं. अंबरनाथच्या शाळेत शिक्षिका, घरी शिकवण्या, वर वडिलांचं आजारपण तीच बघायची. मावशींनी पुष्कळ विचार केला आणि ही तिहेरी असल्याचं जाहीर केलं. माझा चेहरा पडला. तेव्हा त्या म्हणाल्या, की तिहेऱ्यांच्या बाबतीत आपण मागे जरा घाई केली. तीनही रूपं खरी असतात अशीही एक पोटशाखा आहे. ती पोटशाखा कार्टूनमध्ये मला कधीच दिसली नाही, पण लग्न झालं.

अडचण लग्नानंतर सुरू झाली. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. नीता दमून साडेपाचला यायची आणि सहाला मावशी. सात वाजेपर्यंत कार्टून, पुढे अर्धा तास त्यावर चर्चा. नीताने बरेच दिवस काढले, मग एकदा शांतपणे म्हणाली, "मी लग्न तुमच्याशी केलंय. मला संध्याकाळी तुमच्याशी दोन शब्द बोलायला मिळतील का?" तिचं काहीच चूक नव्हतं. मावशींना येऊ नका असं सांगणं भाग होतं, आणि ते सांगायचं होतं मला.

चढ आला. मी धापा टाकू लागलो. केबल बंद आहे असं सांगून पाहिलं, तर मावशी म्हणाल्या, हरकत नाही, कालच्याच भागावर पुन्हा बोलू. दिवे जातात त्या दिवशी तरी सुटका होईल म्हणावं, तर अंधारात त्या अधिकच रंगायच्या.

शेवटी तोडगा नीतानेच काढला. लग्न जुळवल्याचं मावशींनी काही घेतलेलं नाही, तर त्यांना एक टीव्हीच भेट द्यावा. उपकारही फिटतील आणि त्या आपल्या घरी निवांत बघतील. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती दोन दिवसांत स्वतःचीच समजू लागलो. रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, पिक्चर एकदम साफ. आँख बंद करके ले जाओ." डब्यावरचं नाव जपानी होतं. आत काय होतं ते मी विचारलं नाही.

रिक्षा मावशींच्या दाराशी थांबली. दार उघडून त्या चौकटीतच उभ्या राहिल्या. आत या म्हणेनात. मी टीव्ही छातीशी धरून घामाघूम झालो होतो. आता हा पडणार असं दिसल्यावर त्यांना बाजूला व्हावंच लागलं.

खोलीत समोरच स्टुलावर टीव्ही होता. माझ्या टीव्हीपेक्षा मोठा. त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि खिडकीतून आत आलेली केबलची वायर.

मावशी रुमालाचा कोपरा सारखा करत म्हणाल्या, "भाच्याने मस्कतहून पाठवलाय. स्वतः यायला जमत नाही त्याला. चालतो रे, चांगला चालतो. पण हा ट्रक, तो विमान, असं मी म्हटलं, तर 'नाही हो मावशी' म्हणणारं इथे आहे कोण?"

त्या कार्टून बघायला येत नव्हत्या, चुकीच्या ठरायला येत होत्या. आणि मी त्यांच्यासाठी एकटं बसायची सोय विकत आणली होती. मी नीताकडे बघितलं. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मावशी, सहा वाजत आलेत. चप्पल घाला."

मावशी संकोचल्या, पण निघाल्या. त्या दोघी पुढे, मागे टीव्ही घेऊन मी.

घरी कार्टून लागलं. एक पांढरी गाडी उठून उभी राहिली. मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, ही सेवाशाखा. नीताने त्याआधी त्या पडद्याकडे कधी धड बघितलंही नव्हतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि ठासून म्हणाली, "नाही हो मावशी. हे जनावर आहे."

इतकी घोर चूक त्या घरात आजवर कोणी केली नव्हती. मावशींनी विणकाम बाजूला ठेवलं, पाय वर घेऊन नीट मांडी घातली आणि तिला अगदी पहिल्यापासून समजावायला घेतलं. सात वाजले, साडेसात वाजले. स्वयंपाकाला कोणी उठेना. मला कडकडून भूक लागली होती, तरी मला फार बरं वाटत होतं.