साडेनऊ हजार किलोमीटर

सणाला घरी येणाऱ्या मुलाचं विमान व्हॅंकूवरहून सोमवारी पहाटे एकला सुटणार, एवढंच वन जिन-ह यांना फोनवर कळलं होतं. बाकीचा हिशोब त्यांनी स्वतः केला. मियाओली भागातल्या जमिनी मोजण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस तो. विमान कधी पोहोचणार हे दुसऱ्याला कशाला विचारील? नकाशावर दोरा ताणला, अंतर भरलं साडेनऊ हजार किलोमीटर. बारा तास धरले, उलट्या वाऱ्याचा एक वाढवला. म्हणजे सोमवारी दुपारी दोन.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे हिशोब तपासायलाही कुणी नव्हतं. दारच्या झाडाची दोन पपनसं पिशवीत घालून ते बसने निघाले आणि बारालाच ताओयुआन विमानतळावर हजर झाले.

फलकावर ते विमान नव्हतं. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीने दोनदा पाहिलं आणि सांगितलं की ते उद्या पहाटे पाचला उतरेल.

"माझ्या हिशोबाने ते आत्ता जपानवर असायला हवं," जिन-ह म्हणाले.

"आजोबा, ते अजून तिथून सुटलंच नाहीये. तिकडे अजून रविवारचे रात्रीचे नऊच वाजलेत."

उभी हयात जमिनीवर काढलेल्या माणसाने अंतर चोख मोजलं होतं. फक्त सूर्य धरायचा राहिला होता. मुलगी हसली नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. बाकावर बसून त्यांनी मुलाला फोन लावला.

"आबा, मी तुम्हालाच फोन करणार होतो," बो-यान म्हणाला.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गेली दोन्ही वर्षं सणाच्या तोंडावर तो असाच खाली गेला होता. ऑफिसात अचानक काम निघालंय, साहेब सोडत नाहीत, नव्या वर्षाला नक्की येतो, असं बरंच काही तो सांगत राहिला.

"असू दे," जिन-ह म्हणाले. "काम आधी. जेवलास का?"

तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा झाली. ती संपेपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं.

"आबा, कुठे आहात तुम्ही?"

"विमानतळावर."

"अहो, पण माझं विमान उद्या पहाटे..."

"कळलं मला. मापात चूक झाली."

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी धपकन खाली पडलं.

"आबा, फोन ठेवा," बो-यान म्हणाला. "बॅग भरायचीय. टॅक्सी मिळायला हवी."

जिन-ह उठून पुन्हा खिडकीपाशी गेले. मुलीने सुचवलं की घरी जाऊन सकाळी यावं, इथे सतरा तास कसे काढाल.

"निघतील," ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून, तिला धीर द्यावा तसं हळूच म्हणाले, "आणि त्या विमानाची काळजी करू नका. माणूस घरातून निघालाय."