सुमन आणि रोह्यांचे फोटो

"चूप बठा! तो मान वर करस."

बायकोबरोबरची ही माझी शेवटची साधी सकाळ. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड आम्ही दोघं एका घोंगडीत बसलो होतो. समोर आमच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाईचा नर, घोड्याएवढा, निवांत घाटे खात होता. मी ओरडायला तोंड उघडलं तर सुमननं त्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात मोबाईल.

"अवं, सारा हरभरा खाई जाई तो!"

"फोटोमा काय समजस तुमले?"

हे तिचं नेहमीचं. मला काही समजत नाही हे मी चाळीस वर्षं ऐकत होतो. फोटोचं तेवढं चार वर्षांपासून.

धुळ्याच्या लेकीनं जुना मोबाईल दिला आणि ही बिघडली. सारा शिंदखेडा तालुका डुकराला, रोह्याला हाकलतो. आमची सुमन थांबवून घ्यायची. फोटो फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात म्हणे बरगड्या दिसतात, चार लोकांना दाखवायला बरं वाटत नाही. थंडीत अंगावर केस भरतात, तेज येतं. लग्नाच्या मुलीचा फोटो काढावा तसं तिचं चाले. पूर्ण उभा, तोंड समोर, डोळे उघडे. एका कोल्ह्याला तिनं सात वेळा नापास केलं. "हाऊ पाठमोराच येस," म्हणायची.

साबणाचा वास जनावराला येतो म्हणून पौषभर साबण बंद. तिचा आणि माझाही. बिडी बंद, डोक्याला तेल बंद, पहाटे लसणाची फोडणी बंद. जावई आला तो माझ्यापासून दोन हात लांब बसला. लेक म्हणाली, "आई, बाबांना साबण दे तरी."

"फेब्रुवारीत," ही म्हणाली.

मी भांडायचो. पीक माझं आणि चरणारा रोही, वर त्याचा फोटो! ती मोबाईल पुढं करायची. "पहा तर खरं, कसा बिनधास्त उभा शे."

त्या सकाळी नेमका मला खोकला आला. दम्याचा, थांबता थांबेना. रोही पळाला. सुमन उठली. सगळी घोंगडी माझ्यावर टाकली आणि घरी गेली. दुपारी तिच्या छातीत कळ आली. धुळ्याला नेताना गाडीतच गेली.

संध्याकाळी अग्नी देऊन आलो. पुतण्याची बायको कमल पिठलं-भाकरी घेऊन आली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणालो, "आता नाल्याकडून तारेचं कुंपण घालतो. एक जनावर आत येऊ देणार नाही. तिथं नाग असला तरी असू दे."

कमल रडायची थांबली. "आबा, तठे नाग नहीं. हरभरा शे."

नागाला मी फार भितो. नाल्याकाठी नाग आहे, जाऊ नका, असं सुमन मला चार वर्षं सांगत होती. आणि तिथं कमलला घेऊन जनावरांसाठी एक पट्टा पेरत होती. त्यांचं पोट तिथंच भरलं तर वरच्या वावरात कमी येतील, आमच्या ह्यांना थंडीत खोकत राखणीला कमी बसावं लागेल, असं कमलला म्हणायची.

"पाणी कसं देत होती?" मी विचारलं.

"हंड्याने. डोक्यावर."

सकाळी लोक म्हणाले, सुतक आहे, वावरात जाऊ नको. गेलो. मोटार चालू केली, पाइप ओढत नाल्यापर्यंत नेला आणि वरच्या वावराच्या आधी त्या पट्ट्याला पाणी दिलं.